वर्गात टीव्ही-टॅब आले म्हणून मुलं जास्त शिकतात का?

प्रश्न असा आला आहे: "आमची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट ३४. लोकसहभागातून एक स्मार्ट टीव्ही आणि पाच टॅब मिळाले. केंद्रप्रमुख म्हणतात रोज वापरा. पालक म्हणतात, घरी मोबाइलनं वाट लावलीच आहे, आता शाळेतही तेच का? माध्यमांमुळे शिकण्यात खरोखर फरक पडतो का, की हा सगळा देखावा? संशोधन काय सांगतं?"

मॅडम, शाळांसाठी पाठांचे व्हिडिओ तयार करणं आणि शिक्षकांसोबत ते वर्गात वापरून पाहणं हे काम मी वीसेक वर्षं करतो आहे. त्यामुळे मी टीव्हीची बाजू घेईन असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या व्यवसायाला सर्वांत अडचणीचं ठरणारं मत आधी सांगतो, कारण ते बऱ्याच अंशी खरं आहे.

रिचर्ड क्लार्क नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८३ साली तोपर्यंत माध्यमांवर झालेलं संशोधन एकत्र तपासलं आणि निष्कर्ष काढला की माध्यमामुळे शिकणं वाढत नाही. त्याची उपमा प्रसिद्ध आहे: किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे घरातल्यांचं पोषण सुधारत नाही, ते किराण्यामुळे सुधारतं. रेडिओ, टीव्ही, संगणक हे सगळे ट्रक. शिकवण्याची पद्धत म्हणजे किराणा. १९९४ मध्ये तर त्यानं लेखाचं शीर्षकच ठेवलं की माध्यमं शिकण्यावर कधीही परिणाम करणार नाहीत.

क्लार्कनं नेमकं काय दाखवलं? संगणकानं शिकवलेली मुलं पुढे गेली असं सांगणाऱ्या अभ्यासांत बहुतेक वेळा दोन गटांत फक्त यंत्राचा फरक नव्हता. संगणकाचा पाठ तयार करायला तज्ज्ञ महिनोन्‌महिने बसले होते, उदाहरणं नीट निवडली होती, प्रत्येक मुलाला उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळत होतं. दुसऱ्या बाजूला नेहमीचा वर्ग, नेहमीचा तास. एकाच शिक्षकानं दोन्ही गटांना शिकवलं की तो फरक बराच आटत होता. शिवाय नव्याची नवलाई असतेच. प्रयोग काही आठवड्यांपेक्षा लांबला की तीही ओसरत होती. तुमच्या टीव्हीच्या पहिल्या महिन्यात मुलांचे चमकलेले डोळे पाहून कोणी अहवाल लिहिणार असेल, तर हे त्याच्या कानावर घाला. एडिसननं १९१३ मध्ये सांगितलं होतं की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि चित्रपट त्यांची जागा घेतील. आज तीच भाषा दुसऱ्या यंत्राबद्दल ऐकू येते.

क्लार्कची एक कसोटी मी रोज वापरतो. जे या यंत्रानं साधतं, ते दुसऱ्या कशानं साधलं असतं का? चंद्राच्या कलांचं उदाहरण घ्या. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र कमी-जास्त दिसतो, असं कितीतरी मुलांना (आणि मोठ्यांनाही, पण ते जाऊ द्या) वाटतं. फळ्यावरची आकृती इथे अपुरी पडते, त्रिमित ॲनिमेशन छान दाखवतं. पण अंधाऱ्या खोलीत एक बल्ब लावला, मुलाच्या हातात काडीला खोचलेला चेंडू दिला आणि त्याला स्वतःभोवती फिरायला लावलं, तर तेच दिसतं, आणि तेही मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांच्या जागेवरून. म्हणजे इथे ॲनिमेशन अपरिहार्य नाही. क्लार्क जिंकला.

मग हा वाद संपला का नाही? रॉबर्ट कोझमा यानं १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये क्लार्कला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की पद्धत आणि माध्यम इतके वेगळे काढताच येत नाहीत. काही पद्धती विशिष्ट माध्यमाच्या क्षमतेवरच उभ्या असतात. घर्षण शून्य केलं तर चेंडू कसा जाईल, हे बटण दाबून पाहता येणं ही पद्धत आहे की माध्यम? कोलोरॅडो विद्यापीठात २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या संदर्भात आवडतो. विजेच्या मंडलाच्या प्रात्यक्षिकात काही विद्यार्थ्यांना खरे बल्ब आणि तारा दिल्या, काहींना संगणकावरचं सिम्युलेशन, ज्यात तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन दिसतात. नंतर सगळ्यांना खरं मंडल जोडायला सांगितलं. सिम्युलेशनवाले संकल्पनांच्या प्रश्नांत तर पुढे होतेच, पण खरं मंडल जोडण्यातही ते सरस ठरले. खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन दिसत नाहीत, हा त्यातला कळीचा मुद्दा. (ही सिम्युलेशनं 'फेट' नावानं मोफत आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही मिळतात. चौथीसाठी अपूर्णांकांचं सिम्युलेशन जरूर पाहा.)

पण तत्त्वाचा हा वाद बाजूला ठेवून मी तुम्हाला गुजरातेत नेतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या दोन प्रयोगांत जास्त दिसतं.

पहिला प्रयोग बडोद्याचा. २००० साली राज्य सरकारनं तिथल्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. दोन वर्षांनी त्यांतले फारच थोडे वापरात होते. आपल्याकडच्या कुठल्याही केंद्रात जाऊन आल्यावर याचं नवल वाटत नाही. 'प्रथम' या संस्थेनं चौथीच्या मुलांसाठी त्यांवर गणिताचे खेळ सुरू केले. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास, त्यांतला एक शाळेच्या वेळेत आणि एक आधी किंवा नंतर. खेळ मुलाच्या पातळीप्रमाणे सोपे-अवघड होत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून हे मोजलं आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसऱ्या वर्षी गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरले आहेत, त्यावरून फरक मोजण्याचं एकक) होती. ढोबळमानानं सांगायचं तर शंभर मुलांत बरोबर मधोमध असणारं मूल बत्तिसाव्या क्रमांकाच्या आसपास पोचलं. शाळेच्या पातळीवर ही वाढ खूप मोठी आहे. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं तिच्यातलं साधारण ०.१ एवढंच उरलं होतं. अहवालांच्या मुखपृष्ठावर ०.४७ छापतात, ०.१ शोधायला आतली पानं उलटावी लागतात.

दुसरा प्रयोग ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांतला. ज्ञानशाळेचा अभ्यासक्रम आधीच आखीव आणि चांगला चालणारा होता. ली लिंडेन यानं तिथे एकच संगणक कार्यक्रम दोन प्रकारे दिला. काही ठिकाणी शाळेच्या वेळेत, म्हणजे शिक्षिकेच्या शिकवण्याचा काही वेळ काढून त्या जागी. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, म्हणजे शिक्षिकेच्या शिकवण्यात भर म्हणून. निकाल २००८ मध्ये आला. शाळेनंतर जी मुलं संगणकावर बसली ती गणितात ०.२८ नं पुढे गेली. शिकवण्याच्या बदल्यात जी बसली ती ०.५७ नं मागे पडली. मधोमध असलेलं मूल बहात्तराव्या क्रमांकाच्या आसपास गेलं असं समजा.

संगणक तोच, कार्यक्रम तोच, संस्थाही तीच. आता सांगा, संगणकानं शिकणं वाढतं की घटतं?

म्हणून "टीव्ही चांगला की वाईट" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. माझा उलट प्रश्न असतो की टीव्ही कशाच्या जागी येणार आहे. तुम्ही चौथीला भागाकार समजावत असताना तिसरीची मुलं पाठ्यपुस्तकातलं पान तिसऱ्यांदा उतरवत बसलेली असतात. बहुवर्ग अध्यापन केलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या वीस मिनिटांच्या जागी टॅब आला तर तो जवळजवळ कशापेक्षाही बरा. पण तुम्ही स्वतः दशकांचे दांडे आणि सुटे मणी घेऊन मुलांसोबत जमिनीवर बसता, त्या वेळाच्या जागी टीव्ही आला, तर नुकसान होईल आणि ते कुठल्या अहवालात दिसणारही नाही. "रोज वापरा" या सूचनेत नेमका हाच भेद राहून जातो.

यंत्राची खरी ताकद कुठे दिसते, याचं एक उदाहरण दिल्लीचं आहे. तिथल्या माइंडस्पार्क (मुलाच्या पातळीप्रमाणे सराव देणारा संगणक कार्यक्रम) केंद्रांत सहावी ते नववीच्या ६१९ मुलांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडतीत नंबर लागलेली मुलं शाळेनंतर केंद्रावर येत, काही वेळ संगणकावर आणि काही वेळ लहान गटात शिकत. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ वाढ झाली. का झाली, हे महत्त्वाचं. सहावीत बसलेलं सरासरी मूल गणितात प्रत्यक्षात अडीच इयत्ता मागे होतं, आणि वर्गातला धडा मात्र सहावीचाच चालायचा. मूल जिथे अडकलं होतं, तिथूनच संगणक सुरुवात करत होता. हे काम चांगला शिक्षकही करू शकतो. क्लार्क इथेही तत्त्वतः बरोबरच आहे. पण ३४ मुलांच्या ३४ पातळ्यांवर एकाच वेळी एक शिक्षक ते करू शकत नाही. कागदावर पद्धत माध्यमापासून वेगळी काढता येते. वर्गात ती परवडेल की नाही, हे माध्यम ठरवतं.

याच्या उलटं उदाहरण पेरूचं. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेत तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला. संगणकांचं प्रमाण दर विद्यार्थी ०.१२ वरून १.१८ झालं. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. मुलांच्या हातात यंत्र आलं, वर्गात काय चालतं ते मात्र जसंच्या तसं राहिलं.

आता तुमच्या टीव्हीकडे येतो. टॅबपेक्षा त्याची मला जास्त काळजी आहे, कारण तो एकाच वेळी सगळ्यांना गप्प बसवतो.

गॅव्रिएल सॉलोमन या मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये सहावीच्या १२४ मुलांवर एक साधा अभ्यास केला. एकच गोष्ट काहींनी वाचली, काहींनी टीव्हीवर पाहिली. मुलांच्या मते टीव्ही सोपा आणि वाचन अवघड. परिणामी टीव्ही पाहताना त्यांनी डोकं कमी लावलं, आणि गोष्टीतून निष्कर्ष काढायच्या प्रश्नांत ती वाचणाऱ्यांच्या मागे राहिली. अडचण पडद्यात नव्हती. पडद्यासमोर बसताना आता काही करायचं नाही, ही मनाची जी तयारी असते, तिच्यात होती.

त्याहून बोचरा निष्कर्ष डेरेक मुलर याचा आहे, सिडनी विद्यापीठातल्या पीएचडीच्या कामातला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यानं संकल्पना स्वच्छ, मुद्देसूद समजावणारा व्हिडिओ दाखवला. त्यांना तो आवडला, सगळं कळलं असं त्यांनी सांगितलं, आणि चाचणीत गुण जवळजवळ होते तिथेच. दुसऱ्या गटाला असा व्हिडिओ दाखवला ज्यात एक पात्र नेहमीच्या चुकीच्या समजुती बोलून दाखवतं आणि मग त्यावर चर्चा होते. त्यांना तो गोंधळाचा वाटला. पण तेच जास्त शिकले. स्वच्छ स्पष्टीकरण ऐकताना मूल आपली जुनी समजूत त्यावर चढवतं आणि "हे तर मला येतंच" म्हणून पुढे जातं.

तुमच्या वर्गातलं रूप सांगतो. ५२ वजा २७. कितीतरी मुलं ३५ लिहितात: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. हातच्याच्या वजाबाकीचे बहुतेक व्हिडिओ ही चूक दाखवतच नाहीत. गोड आवाजातली ताई थेट दशक सुटा करून दाखवते, मुलं मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा ३५. तेव्हा व्हिडिओ सुरू करण्याआधी उदाहरण पाटीवर सोडवायला लावा. दोन-तीन वेगवेगळी उत्तरं फळ्यावर मांडा, कोणतं बरोबर ते सांगू नका, आणि मग व्हिडिओ लावा. आता पाहण्याला कारण मिळालं. मध्येच थांबवून "पुढे ती काय करेल?" असं विचारा आणि उत्तर लिहून घ्या, तोंडी नको. तोंडी विचारलं की नेहमीची चार मुलं बोलतात आणि तीस सुटतात.

हा थांबण्याचा मुद्दा नवा नाही. १९७० च्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून प्राथमिक गणित शिकवण्याचा प्रकल्प झाला. रेडिओ म्हणजे सर्वांत गरीब माध्यम, ना चित्र ना मागे जाण्याची सोय. तरी तो चालला, कारण निवेदक काही क्षणांनी प्रश्न विचारून गप्प बसायचा आणि वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा, लिहायचा, हालचाल करायचा. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही पोचला (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्याच काळात हजारो प्राथमिक शिक्षकांचं विज्ञान प्रशिक्षण झालं, तेही फक्त टीव्हीवर सोडलं नव्हतं. सोबत रेडिओ होता, छापील साहित्य होतं आणि गटात करून पाहायचे प्रयोग होते. पन्नास वर्षांपूर्वी हे समजलं होतं. आजच्या प्रशिक्षणांत लिंक पाठवून काम झालं असं मानतात.

व्हिडिओ निवडताना काय पाहायचं? रिचर्ड मायर यानं याच प्रश्नावर प्रयोगांमागून प्रयोग केले आहेत. त्यांतलं तुमच्या कामाचं एवढंच: मागे संगीत वाजत असेल, कोपऱ्यात ससा नाचत असेल, तर तो व्हिडिओ सोडा. मजेदार पण विषयाबाहेरची सजावट शिकणं कमी करते. चित्र असताना समजावणं आवाजात असावं. चित्राखाली लांब वाक्य आणि तेच वाक्य आवाजातही असेल तर डोळ्यांची ओढाताण होते. लांबी कमी हवी, पण लांब व्हिडिओ तुकड्यांनी दाखवला तरी चालतं.

याला एक अपवाद आहे आणि तो तिसरीसाठी मोलाचा आहे. वाचन पक्कं करायचं असेल तेव्हा ऐकू येणारे शब्दच पडद्यावर दिसणं हेच हवं असतं. आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हेच केलं: टीव्हीवरच्या चित्रपटगीतांना त्याच भाषेतल्या ओळी जोडल्या, गाणं जसं पुढे जाईल तसे शब्द रंगत जातात. गाणं पाठ असतं, त्यामुळे डोळे शब्दाच्या पुढे धावतात आणि न सांगता वाचन होतं. बालभारतीच्या कविता अशा ओळींसह दाखवल्या, तर परिपाठातली पाच मिनिटं कारणी लागतील.

पाच टॅब मात्र तुकडी करून द्या. दहा मुलं, दोघांत एक. कोणती दहा, हे तुमच्या अध्ययन स्तराच्या नोंदीवरून ठरवा. हजेरीच्या क्रमानं नको, आणि "लवकर झालं म्हणून बक्षीस" असं तर मुळीच नको. बक्षीस केलं की जे आधीच पुढे आहेत त्यांच्याच हातात टॅब जातो. स्तरानुसार सराव देणारं ॲप निवडा, जे चूक झाल्यावर मागच्या पायरीवर नेतं. नुसतं "अरेरे, पुन्हा प्रयत्न करा" म्हणणारं ॲप काही शिकवत नाही, मुलं चारही पर्याय क्रमानं दाबतात. हा गट टॅबवर असताना तुम्ही उरलेल्यांतल्या एका गटासोबत बसा. टॅबमुळे तुम्हाला मिळालेली ही पंधरा मिनिटं मला टॅबवर जे घडतं त्यापेक्षा महत्त्वाची वाटतात.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या शिक्षण परिषदेत कुणीतरी एआयचा विषय काढेलच. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत साधारण हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट मिळालेल्यांनी ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली. नंतर तो काढून परीक्षा घेतली, तर ती मुलं कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा १७ टक्के मागे होती. उत्तर न देता इशारे देणारा चॅटबॉट मिळालेल्या गटात हे नुकसान जवळपास नाहीसं झालं.

पालकांच्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्यांना तसं सांगायला हरकत नाही. २०१८ मध्ये ५४ अभ्यास आणि एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचक एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा तोच मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त समजतो असं दिसलं. वेळेचं बंधन असलं की हा फरक आणखी वाढतो. म्हणून धडा आणि गोष्ट पुस्तकातूनच वाचली जाईल, टॅबवर फक्त गणिताचा सराव होईल, आणि टॅब घरी जाणार नाही, हे पालकसभेत स्पष्ट करा.

आणि उपयोग होतो आहे का ते स्वतःच मोजा. हातच्याच्या वजाबाकीची पाच उदाहरणं आधी कागदावर सोडवून घ्या. आठवडाभर टॅबवर सराव झाला की लगेच चाचणी घेऊ नका. त्या दिवशी सगळ्यांना येतंच. मध्ये दहा-बारा दिवस जाऊ द्या आणि मग न सांगता तशीच पाच उदाहरणं पुन्हा द्या, टॅब कपाटात ठेवून.